ओढा सकाळी ओलांडावा



आपल्याकडे ओढ्याला पाणी येते ते पाऊस झाला म्हणजे. आभाळ कोरडे असले की आपण बिनघोर गाडी घालतो. हिमाचल प्रदेशात स्पितीकडे जाणाऱ्या वाटेवर हा हिशेब चालत नाही. तिथे ऊन लख्ख पडलेले आणि दुपारी ओढा मात्र फुगलेला! वरचा बर्फ उन्हाने वितळतो आणि ते पाणी वाटेवर उतरेतो दुपार होते. सकाळी चाक जेमतेम भिजवणारा ओढा दुपारी जीप अडवतो. म्हणून जाणता ड्रायव्हर उजाडतानाच निघतो.

ग्राम्फू सोडले की चंद्रा नदीच्या काठाने बातलपर्यंत पन्नासेक किलोमीटर जायचे. रस्ता म्हणायचा एवढेच. बऱ्याच जागी नुसते गोटे. पुढे कुंझुम खिंड, उंची ४,५५१ मीटर. कळसूबाईवर दुसरे कळसूबाई ठेवले तरी बाराशे मीटर उरतात! तिथे हवा रुपयात नऊ आणेच. माणसाला धाप लागते तशी इंजिनालाही लागते.

पाण्यात गाडी घालण्याआधी खाली उतरून तळ बघावा. मग पहिला गिअर, एकसारखा वेग, आणि मध्येच क्लच दाबायचा नाही. इंजिनात पाणी जाऊन गाडी बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जाते.

उतारावर तर गिअर कधीच सोडू नये. चार पैशांचे डिझेल वाचवायला भरली ट्रॉली न्यूट्रलवर सोडणारे आपल्या गावातही आहेत, म्हणून हे जरा रागानेच लिहितो. सगळा भार ब्रेकवर आला की ते तापतात, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. अरुंद जागी समोरून गाडी आली, तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, असा डोंगरातला नियमच आहे.

हौसेने जीप घेऊन जाणारे पुष्कळ. पण खिंडीपलीकडच्या लोसर गावात आपल्यासारखे शेतकरी राहतात. थंडीमुळे वर्षात एकच पीक. जव आणि हिरवा वाटाणा. वाटाणा तोडला की थांबत नाही. मनालीच्या बाजूने बाजार गाठायचा, तर मालाच्या ट्रकला हेच ओढे ओलांडावे लागतात, आणि तेही बर्फाने खिंड बंद होण्याआधी.