पाण्याचा हिशेब

आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं न्यावं, ही आपल्याकडची जुनी रीत. माझी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याची बातमी पसरली, तेव्हा आठवडाभरात आमच्या बाल्कनीत अकरा शहाळी जमली. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर. ते बाहेर टाकायची माझी यंत्रणा बंद पडलेली. आणि रक्तात ते बेसुमार वाढलं, तर हृदय थांबू शकतं. म्हणजे लोक अगदी प्रेमानं माझ्या जिवावर उठले होते! ती अकराही सोसायटीच्या वॉचमनला गेली. त्याची तब्येत तेव्हापासून दृष्ट लागण्यासारखी आहे.

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मी डायालिसिसच्या यंत्राला जोडलेला असतो. डाव्या हातात शस्त्रक्रियेनं धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केला आहे. त्यावर बोट ठेवलं, की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. ती लागली, म्हणजे रस्ता चालू. सकाळी देवाला हात जोडण्याआधी मी ती तपासतो. बाकी व्यवहार बँकेसारखाच. येताना वजन, जाताना वजन. दिवसाकाठी पाऊण लिटर पाण्याची मर्यादा. त्यातच चहा, आमटी आणि गोळ्या गिळायचं पाणी. मधल्या दिवसांत जे अंगात साठतं, ते यंत्र वसूल करतं. तेहेतीस वर्षं मी लोकांना ओव्हरड्राफ्टची मर्यादा पाळायला सांगत आलो; आता मीच थकबाकीदार. काटा तीन किलो जास्त दाखवतो आणि तिथली तंत्रज्ञ मुलगी विचारते, "काका, लग्नाला गेला होतात वाटतं?" इतका घाम मला ऑडिटरपुढंही कधी फुटला नव्हता.

शेजारच्या खाटेवर एसटीतले एक निवृत्त कंडक्टर असतात. त्यांचे चार तास संपले, की ते "डबल बेल!" असं ओरडतात. त्यांना मी या यंत्राची जन्मकथा सांगितली. विलेम कोल्फ या डच डॉक्टरनं १९४३ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या एका फिरत्या पिंपाभोवती गुंडाळून ते बनवलं. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई मात्र बेशुद्धीतून जागी झाली. आणि आता आपण नवऱ्याला सोडणार, हेच तिनं आधी सांगितलं, असं म्हणतात. कंडक्टर गंभीरपणे म्हणाले, "साहेब, हे वहिनींच्या कानावर घालू नका."

हसल्यानं रोग बरा होतो, असं सांगणारे भेटतात. १९९५ मध्ये मुंबईत हास्यक्लब सुरू झाला, तेव्हापासून तर त्यांची संख्या बरीच वाढली. माझा अनुभव एवढाच, की क्रिएटिनीनला विनोद कळत नाही. चार तास मात्र सरतात. आणि तेवढ्यासाठी तरी मी विनोद सोडणार नाही, असं ठरवून बसलो होतो.

मूत्रपिंड द्यायला आमची ही एका पायावर तयार होती. तपासणीत रक्तगट जुळला नाही. तसं असतानाही आता प्रत्यारोपण करतात. पण त्याचा खर्च आणि मधुमेहानं पोखरलेलं माझं शरीर यांचा ताळेबंद काही जमेना. घरी नातेवाईक जमले होते. मी म्हणालो, "लग्नात अठ्ठावीस गुण जुळले होते. नेमका कामाचा तेवढा राहिला!" सगळे हसले. हीसुद्धा हसली.

रात्री पाण्यासाठी (म्हणजे घोटभर पाण्यासाठी) उठलो, तर ही स्वयंपाकघरात अंधारात बसलेली. मला पाहून डोळे पुसले नाहीत. म्हणाली, "अहो, तुम्ही सगळ्यांना हसवता. मग मी रडायचं कुणापुढं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. विनोदानं मी भीती घालवतो, ही माझी समजूत. प्रत्यक्षात मी ती सगळी हिच्या खात्यावर वर्ग करत होतो. त्या रात्री मी पहिल्यांदा सांगितलं, की सुया टोचण्याआधी माझे पाय गार पडतात. ते तिला ठाऊक होतं. पिशवीत लोकरीचे मोजे तीच तर घालत होती. मग आम्ही दोघं बराच वेळ तिथंच बसलो. त्या दिवशीचं पाणी माझ्या डोळ्यांतून किती गेलं, त्याचा हिशेब मी कुणाला दिलेला नाही.

गेल्या रविवारी बँकेतले एक जुने सहकारी आले. हातात दोन शहाळी. मी तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली, "भाऊजी, जरा थांबा हं. विम्याचे कागद कुठं ठेवलेत, ते यांना आधी विचारून घेते."