कोयते निघण्याआधी कायदा पडद्यावर आणा



दसरा-दिवाळीच्या सुमारास अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोड टोळ्या निघतात. मुकादमाच्या लेखी नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरीची आगाऊ उचल त्यावर ठरते. एक तर हा हिशेब, त्यात वयात आलेली मुलगी मागे ठेवायची कुणाकडे ही धास्ती. त्यातून अठरा भरायच्या आतच मुलीचे लग्न उरकले जाते. ते रोखणारा कायदा २००६ सालचा आहे. तो अजून कित्येक उंबऱ्यांच्या आत गेलेला नाही. म्हणून कळकळीची विनंती: यंदाच्या टोळ्या निघण्याआधी कायद्याच्या छोट्या चित्रफिती तयार करा आणि गावोगाव दाखवा.

‘बालविवाह गुन्हा आहे’ असे फलक पुष्कळ लागले. पण घाबरलेल्या मुलीने जायचे कुठे? चित्रफितीत ते पावलागणिक दाखवता येते. गावचा ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ वर कोणीही फोन करू शकतो. न्यायालय मनाई हुकूम देऊ शकते. तो डावलून लावलेले लग्न कायद्याने लग्नच नव्हे. आणि लग्न होऊन गेले असले, तरी विसावे वर्ष पूर्ण होईपर्यंत मुलगी ते रद्द करून मागू शकते.

महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. बालविवाहाविरुद्धचा याआधीचा कायदा १९२९ मध्ये आला. त्याच्या तीस वर्षे आधी देवलांच्या ‘संगीत शारदा’ने म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख रंगभूमीवर मांडले होते. १९३७ मध्ये प्रभातच्या ‘कुंकू’तल्या नीरेने असे लग्न मानायला पडद्यावर ठाम नकार दिला. अलीकडे पानी फाउंडेशनच्या चित्रफितींतून गावकरी पाणलोटाची कामे शिकले. समतल चराची मापे अशी शिकता येतात, तर फिर्याद कशी द्यायची हेही शिकता येईल.

विषय समोर आहेत. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. परजिल्ह्यातल्या फडावर अत्याचार झाला, तरी गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो आणि फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. मढीच्या यात्रेत जातपंचायती भरत आल्या. पण जातपंचायतीने कुटुंबाला वाळीत टाकणे हा २०१६ च्या राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे.

वकील मंडळींनो, प्रत्येक संहिता तपासून द्या. चुकीचा सल्ला पडद्यावरून गेला तर त्याचे भोग गरिबाला भोगावे लागतात. विधी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनो, अहिल्यानगरच्या नाट्यकर्मींनो, चार-पाच मिनिटांचे प्रसंग इथल्याच बोलीत लिहा आणि मोबाइलवर चित्रित करा. खऱ्या पीडितेचे नाव, चेहरा किंवा गाव दाखवू नका. कायद्याची तशी मनाई आहे. सरपंचांनो, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत अर्धा तास राखून ठेवा. नवरात्र मंडळांनो, एक संध्याकाळ द्या. साखर कारखान्यांनो, टोळ्या उतरतील त्या तळांवर पडदा लावा. चित्रफीत संपली की जाणकार माणूस तिथेच थांबू द्या, कारण लोकांचे खरे प्रश्न तेव्हाच निघतात.

तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय तुमच्या तालुक्याच्या न्यायालयातच आहे. उद्या तिथे जा, एक विषय निवडा आणि याच आठवड्यात चित्रण सुरू करा.