चाकाला चिकटलेले डांबर

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नणंदेच्या मुलीचा निकाह लातूरला होता. आम्ही सोलापूरला राहतो आणि आमच्याकडे फक्त स्कूटर आहे. म्हणून दोन दिवसांसाठी माझ्या थोरल्या भावाची गाडी मागून आणली. किल्ली देताना भाईजान एवढेच म्हणाले, "सावकाश जा, घाई करू नका."

तुळजापूरच्या पुढे रस्त्याचे काम चालू होते. ताज्या डांबरावरून जावे लागले आणि गाडीखाली टपटप आवाज येत राहिला. घरी आल्यावर पाहिले तर चारही चाकांवर काळे ठिपके होते आणि काही ठिकाणी बारीक खडीसुद्धा चिकटली होती. अशी गाडी परत कशी द्यायची? मागून आणलेली वस्तू म्हणजे अमानत. जशी आणली तशीच परत गेली पाहिजे.

थोरला मुलगा दहावीला आहे. तो बादली घेऊन बसला. साबणाच्या पाण्याने धूळ गेली, पण डांबर हलेना. तेव्हा मीच त्याला संडास साफ करायची बाटली काढून दिली. फरशीवरचे डाग जातात, तर हेही जातील, असा माझा हिशेब. त्याने एका चाकावर ते ओतले. थोड्या वेळाने तो आनंदाने ओरडला, "अम्मी, फेस येतोय! निघतंय!"

डांबर काही निघत नव्हते. निघत होते ते चाक. धुतल्यावर डांबराचे ठिपके जागच्या जागी होते आणि शेजारी पांढुरके चट्टे पडले होते.

असे का झाले, हे नंतर शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी समजावले. भाईजानच्या गाडीची चाके अ‍ॅलॉयची, म्हणजे मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमची आहेत. त्यावर पारदर्शक लेप असतो, पण जिथे तो उडालेला असतो तिथे धातू उघडा पडतो. संडास साफ करण्याच्या अशा द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते अ‍ॅल्युमिनियमला खाते आणि त्यातून हायड्रोजन वायूचे बुडबुडे निघतात. मुलाला दिसलेला फेस तो हाच. आणि डांबर? ते खनिज तेल शुद्ध करताना उरणाऱ्या गाळापासून बनते. पाणी किंवा असे आम्ल त्याला विरघळवू शकत नाही. तेलकट वस्तू तेलकट वस्तूतच विरघळते. हाताला फणसाचा चीक लागला की आपण पाणी घेत नाही, तेल चोळतो. तसेच हे.

आता योग्य पद्धत सांगते. ही आम्हाला गॅरेजमधल्या चाचांनी दाखवली आणि उरलेली तीन चाके आम्ही अशीच साफ केली.

गाडी सावलीत लावा आणि चाके पूर्ण थंड होऊ द्या. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीचे ब्रेक चांगलेच तापलेले असतात. आधी साध्या पाण्याने माती धुऊन काढा, नाहीतर फडक्याखाली तीच वाळू घासली जाऊन ओरखडे पडतात. मग गाडी धुण्याच्या शाम्पूने चाक धुवा. चाकांची बादली आणि फडके वेगळे ठेवा, तेच पुन्हा गाडीच्या पत्र्यावर वापरू नका. चाकावर जी राखाडी-काळी पूड बसते ती बरीचशी ब्रेकच्या घासण्यातून येते. पुढच्या ब्रेकवर जास्त भार येतो, म्हणून पुढची चाके अधिक काळी होतात.

चाक कोरडे झाले की डांबराकडे वळा. जुन्या सुती कापडाच्या तुकड्यावर थोडे गोडेतेल किंवा खोबरेल घेऊन ते ठिपक्यावर दाबून ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी डांबर मऊ पडते. मग चोळून पुसा. एकदा नाही निघाले तर पुन्हा करा. जाड गोळा असेल तर बाद झालेल्या एटीएम कार्डाच्या कडेने हळूच सरकवा. सुरी, तारेची घासणी किंवा पॉलिशपेपर लावू नका.

तेलाने निघाले नाही तर रॉकेल किंवा रंगाच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाईन घ्या. तेही कापडावर चार थेंब. आधी चाकाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला लावून बघा. टायरच्या रबराला ते लागू देऊ नका, रबर खराब होते. हातमोजे घाला आणि जवळ चूल, उदबत्ती, विडी काहीही नको. पेट्रोल तर कधीच वापरू नका, त्याची वाफ क्षणात पेट घेते. शेवटी साबणाच्या पाण्याने तेलाचा अंश पूर्ण काढून चाक पुसून घ्या.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अ‍ॅलॉयच्या फटींतून आत जी चकचकीत गोल तबकडी दिसते ती ब्रेकची डिस्क. तिच्यावर तेलाचा थेंबही जाता कामा नये. म्हणूनच तेल चाकावर ओतायचे किंवा फवारायचे नाही, कापडावरच घ्यायचे. डिस्कला आणि तिला दाबणाऱ्या पॅडना तेल लागले तर ब्रेक नीट लागत नाही. चुकून लागलेच तर गाडी रस्त्यावर काढू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. धुतल्यानंतरही आधी मोकळ्या जागेत हळू चालवून दोन-चार वेळा ब्रेक दाबून बघा. ओला ब्रेक सुरुवातीला कमी पकडतो.

चाकाच्या आतल्या बाजूलाही नजर टाका. तिथे डांबर-खडीचा गोळा बसला तर चाकाचा तोल बिघडतो आणि वेगात स्टिअरिंग थरथरते. मात्र कडेला बसवलेले शिशाचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे घाण समजून उपटू नका. ते तोल साधण्यासाठीच लावलेले असतात.

आणि एक गोष्ट घरातल्या लहान मुलांसाठी. उरलेले रॉकेल किंवा टर्पेंटाईन पाण्याच्या वा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नका. मूल तहानेने ती तोंडाला लावते. असे झालेच तर उलटी करवू नका, कारण ते फुप्फुसात जाऊ शकते. लगेच दवाखाना गाठा. वापरलेली फडकी बोळा करून घरात टाकू नका, बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

चौथ्या चाकाचे काय झाले? मुलगा म्हणाला, "ते चाक पलीकडच्या बाजूला आहे, मामूंना दिसणार नाही." मी त्याला सोबत घेऊन भावाकडे गेले आणि ते चाकच आधी दाखवले. बाटली मी दिली होती, हेही सांगितले. भाईजान हसले, म्हणाले, "जाऊ दे, चाकच आहे." पण आम्ही ऐकले नाही. चाक कारागिराकडे देऊन नव्याने लेप करून आणले. त्या महिन्यात माझी नवी चप्पल राहिली आणि मुलाने ईदीतले पैसे स्वतःहून घातले.

परवा शेजारच्या काकांच्या गाडीला डांबर लागले तेव्हा तो खोबरेलची बाटली घेऊन आपणहून खाली गेला. जाताना म्हणाला, "अम्मी, डिस्कला लागू देणार नाही."