दिवा विझवायचा की जोड नीट करायचा?



आज विषय गाडीचा आहे, पण वाचायचं सोडू नका. कारण हा विषय यतनेचाही आहे.

आमच्या जुन्या पेट्रोल गाडीत ऑक्सिजन सेन्सरचा कनेक्टर उंदरांनी कुरतडला. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळाला तो असा : "ताई, गाडी जुनी आहे, चालतेय ना? दिव्याचं कनेक्शनच काढून टाकतो." असा सल्ला तुमच्यापैकीही कित्येकींना मिळाला असेल. तो मानू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगते.

हा सेन्सर करतो काय? आपल्या गॅसच्या शेगडीचंच उदाहरण घ्या. हवा बरोबर मिळाली की ज्योत निळी. हवा कमी पडली की ज्योत पिवळी, पातेल्याचं बूड काळं आणि गॅसही जास्त जातो. इंजिनातही तेच. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला हा सेन्सर जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते पाहतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. त्यावरून पेट्रोल कमी-जास्त होतं. कनेक्टर तुटला की कॉम्प्युटर अंदाजाने चालतो, आणि बहुतेक वेळा पेट्रोल जास्तच सोडतो. ॲव्हरेज पडतं, कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि न जळलेल्या पेट्रोलने धूर शुद्ध करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

आता धर्माची बाजू. पृथ्वीकाय, अप्काय, अग्निकाय, वायुकाय, वनस्पतिकाय आणि त्रसकाय हे सहा काय आपण लहानपणीच पाठशाळेत शिकलो. पाणी गाळताना अप्कायाची आठवण आपल्याला पक्की असते, वायुकायाची मात्र राहत नाही. गाडी चालवणं ही गृहस्थाची आरंभी हिंसा आहे, ती पूर्ण टळत नाही, हे मान्य. पण तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादाशी जोडलेली आहे. दिवा लागलेला दिसतोय, कारण कळलंय, उपाय हातात आहे, आणि तरीही आपण फक्त दिवा विझवतो. याला प्रमाद नाही तर काय म्हणायचं? गाळणं फाटलं तर आपण ते बदलतो. नुसतं माठाच्या तोंडावर ठेवून "गाळलं" म्हणत नाही. शिवाय दिवा बंद करून गाडी ठणठणीत असल्याचं दाखवणं हे सत्य अणुव्रतातही बसत नाही.

दुसरा सल्ला याच्या उलट टोकाचा असतो : "सगळं वायरिंगच बदला." सेन्सर चांगला असेल आणि नुसता कनेक्टर गेला असेल तर तेवढाच बदलता येतो. चांगली वस्तू टाकून नवी आणणं अपरिग्रहाच्या विरुद्ध आहे, आणि पैसेही वाचतात.

मात्र हे काम कसं व्हायला हवं ते आपल्याला माहीत असलं पाहिजे. वायरमन त्याचं काम करेल, विचारायचं आपण. पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

काम सुरू करण्याआधी इंजिन गार हवं आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली हवी.

बऱ्याच गाड्यांच्या सेन्सरला चार तारा असतात : दोन हीटरच्या, एक सिग्नलची, एक सिग्नलच्या अर्थिंगची. रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बॉशच्या पुष्कळशा सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या तारा हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी अर्थिंगची असते. डेन्सोच्या पुष्कळशा सेन्सरमध्ये दोन काळ्या तारा हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी अर्थिंगची. म्हणजे एकाची काळी तार सिग्नलची, दुसऱ्याची हीटरची! चुकून हीटरचा 12 व्होल्टचा करंट सिग्नलच्या तारेत गेला तर नुकसान मोठं. म्हणून त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा बघायचा आणि मल्टिमीटर लावायचा. गार सेन्सरमध्ये हीटरच्या जोडीत थोडे ओहम दाखवतो, बाकीच्या दोन तारांत काहीच नाही. एका वेळी एकच तार कापून जोडली की गोंधळ होत नाही.

सेन्सरकडच्या तारांना सोल्डरिंग करू देऊ नका. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते आणि ती तारेच्या आतल्या बारीक फटींतूनच पोचते. सोल्डर किंवा ग्रीस लागलं की ती वाट बंद. त्यापेक्षा दाबून बसवायचे क्रिम्प जोड चांगले, वरून हीट श्रिंक नळी. नुसती काळी टेप उष्णतेने सुटते. चारही जोड एकाच जागी नकोत, थोडे पुढे-मागे हवेत. तार सायलेन्सरला टेकता कामा नये.

शेवटी स्कॅनर लावून जुना कोड पुसायला सांगा आणि इंजिन गरम झाल्यावर सिग्नल दाखवायला सांगा. साध्या प्रकारच्या सेन्सरमध्ये तो सुमारे 0.1 ते 0.9 व्होल्टच्या मध्ये सारखा वर-खाली होतो. एकाच आकड्यावर अडकला असेल तर काम झालेलं नाही. दिवा विझणं पुरेसं नाही, तो कशामुळे विझला ते महत्त्वाचं.

आणि उंदरांचं काय? गोळ्या ठेवा, चिकट पुठ्ठा ठेवा असं सांगणारे शंभर भेटतील. आपल्या घरात ते होणार नाही. गाडीत खाण्याचे डबे, सांडलेला चिवडा राहू देऊ नका. धान्याच्या पोत्यांजवळ किंवा कचऱ्याजवळ गाडी लावू नका. तारांवर बारीक जाळीचं आवरण घालून घ्या. गाडी रोज निघत नसेल तर दोन-तीन दिवसांनी बोनेट उघडून बघा. आणि गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारा. आत एखादा जीव बसला असेल तर त्याला निघून जायला वेळ मिळेल.

"हे पुरुषांचं खातं" असं काही जणी म्हणतील. पण पाणी गाळण्याचं, धान्य निवडण्याचं यतनेचं खातं घरोघरी आपणच सांभाळत आलोय. त्यात आता बोनेटखालची चार तारांची जोडणीही धरायला हवी, असं मला वाटतं. गॅरेजमध्ये घरातलं कुणीही गाडी घेऊन जावो, जाण्याआधी त्याला एवढं तरी सांगून पाठवा : दिवा काढायचा नाही, जोड नीट करायचा.

जय जिनेंद्र.