व्याज सोडण्यातलं शहाणपण

बँक व्याज देत असताना बारा जणी दरमहा हजार रुपये बिनव्याजी भिशीत का घालतात? दरमहा चिठ्ठी निघेल तिला जमलेली सगळी रक्कम मिळते; जिची चिठ्ठी शेवटी निघते, तिला वर्षाने तिचेच बारा हजार परत मिळतात. वरवर हा आतबट्ट्याचा व्यवहार. पण बेस्ली, कोट आणि लाउरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली त्यामागचा हिशेब मांडला. एकेकटीने साठवलं, तर बारा हजारांचं शिलाई मशीन सगळ्यांच्याच घरी बाराव्या महिन्यात येईल; भिशीत अकरा जणींच्या घरी ते आधी येतं आणि बारावीचंही लांबत नाही. दुसरं कारण घरातलं आहे. नैरोबीच्या किबेरा वस्तीतल्या अशाच गटांचा अभ्यास करून अँडरसन आणि बालाँ यांनी २००२ साली दाखवलं, की नवऱ्याच्या हाती पैसा लागू नये म्हणूनही बायका त्यात सामील होतात. डब्यातले पैसे घरात कुणीही मागू शकतं. भिशीचा हप्ता मात्र भरावाच लागतो, कारण चारचौघींत शब्द दिलेला असतो. सोडलेलं व्याज ही स्वतःच्या कमाईवरच्या हक्काची किंमत आहे. ती मोजणाऱ्या बाईला अडाणी म्हणू नये. बचत योजना आखणाऱ्यांनी आधी तिचा हिशेब समजून घ्यावा.