अपुऱ्या गीताची पूर्तता

मनुष्य एखादे कार्य आरंभितो तेव्हा ते तडीस नेण्याइतका अवधी आपणास खचित लाभेल, असे तो गृहीत धरून चालतो. परंतु पुष्कळदा कार्य अर्धे असतानाच कर्त्यास उठून जावे लागते. अशा वेळी मागे राहिलेल्यांनी काय करावे? अपुरे कार्य तसेच ठेवावे, की पुरे करावे? आणि पुरे करावयाचे तर कोणत्या रीतीने? या प्रश्नाचा विचार करण्यास एका विलायती वाद्यवृंदाच्या अखेरच्या ध्वनिमुद्रिकेची हकीकत फार उपयोगी पडेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते. रॉक संगीताचे नाव काढताच काही पालकांच्या कपाळास आठ्या पडतील. त्यांस इतकीच विनंती की, हा लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग काय तो निर्णय द्यावा.

या वाद्यवृंदाचे नाव क्वीन. त्याचा प्रमुख गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारोख बल्सारा नावाचा पारशी मुलगा. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजिबार बेटात झाला. वयाच्या आठव्या वर्षी त्यास शिक्षणासाठी आपल्या महाराष्ट्रात, सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथील सेंट पीटर्स या निवासी शाळेत धाडण्यात आले. आईबाप समुद्रापलीकडे आणि मुलगा सह्याद्रीच्या माथ्यावर! वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलांस या स्थितीचे वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. तेथे तो पियानो शिकला, शाळेच्या गायकवृंदात गाऊ लागला, आणि १९५८ च्या सुमारास त्याने व त्याच्या सोबत्यांनी मिळून द हेक्टिक्स नावाचा लहानसा वाद्यवृंद उभा केला. शाळेतील संगीताचा तास म्हणजे कालाचा अपव्यय, असे मानणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

पुढे तो झांजिबारास परतला. १९६४ साली तेथे राज्यक्रांती झाल्यामुळे हे कुटुंब इंग्लंडास गेले. लंडन शहरी १९७० साली गिटारवादक ब्रायन मे व ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासह त्याने क्वीनची स्थापना केली. पुढल्याच वर्षी बास गिटार वाजविणारा जॉन डीकन त्यांस येऊन मिळाला. त्यानंतर मर्क्युरीच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे वीस वर्षे, या चौघांत एकही फेरबदल झाला नाही. मानापमानाच्या कारणाने दोन वर्षांत फुटणारी आपल्याकडील मंडळे डोळ्यांसमोर आणली म्हणजे ही गोष्ट किती दुर्मिळ आहे हे कळून येईल.

१९८७ साली मर्क्युरीस एड्सचा संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. त्या काळी या रोगावर प्रभावी औषध नव्हते, आणि रोगापेक्षाही लोकांची घृणा अधिक दुःसह होती. त्याच्या खासगी जीवनक्रमाचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. ज्या प्रभूने कुष्ठरोग्यास हात लावण्यास अनमान केला नाही, त्याच्या अनुयायांस तर तो अधिकार मुळीच पोहोचत नाही. आमचे लक्ष त्याने उरलेल्या दिवसांचे काय केले, इकडे आहे. तो कामास लागला. फेब्रुवारी १९९१ मध्ये इन्युएंडो ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तीतील शेवटचे गीत ‘द शो मस्ट गो ऑन’ हे मुख्यत्वे ब्रायन मे याने रचलेले. त्यातील उंच स्वर या क्षीण देहास झेपतील की नाही, अशी मे यास शंका होती. मर्क्युरीने ते गीत असे गायिले की ती शंका जागच्या जागी विरून गेली.

त्यानंतरही तो थांबला नाही. स्वित्झर्लंडात जिनीव्हा सरोवराच्या काठी माँत्रो नावाचे गाव आहे. तेथील ध्वनिमुद्रणगृहात १९९१ च्या वसंतात, अंगात त्राण येईल तेव्हा तो येई व गाई. काही तरी लिहून द्या, मी गातो. माझ्यामागे तुम्ही ते पुरे करा, असा त्याचा सोबत्यांपाशी आग्रह होता. वाद्ये मागाहून भरता येतील, आवाज मात्र मागाहून मिळणार नाही, हे तो पुरते जाणून होता. ‘मदर लव्ह’ हे गीत त्याने व मे याने मिळून रचले. त्याचे शेवटचे कडवे तेवढे गावयाचे राहिले. पुन्हा येऊन ते गाण्याचा बेत होता. पण ते परतणे घडले नाही. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपला रोग जगजाहीर केला व दुसऱ्याच दिवशी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला.

मागे राहिलेल्या तिघांनी पुढे काय केले? त्यांनी घाई केली नाही. दुःखाचा पहिला भर ओसरल्यावर ते कामास बसले आणि ६ नोव्हेंबर १९९५ रोजी मेड इन हेवन ही ध्वनिमुद्रिका बाहेर आली. माँत्रो येथील अखेरची गीते, जुन्या मुद्रणांतून उरलेले तुकडे, आणि मर्क्युरीने १९८५ साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेली दोन गीते, असे हे साहित्य होते. त्या आवाजाभोवती तिघांनी नव्याने वाद्ये वाजविली. ‘मदर लव्ह’ मधील न गायिलेले कडवे ब्रायन मे याने स्वतःच्या आवाजात गायिले. मित्राच्या आवाजाची नक्कल केली नाही, की ते कडवे गुपचूप गाळूनही टाकले नाही. ऐकणाऱ्यास सांधा स्पष्ट कळतो, आणि तो सांधाच त्या गीताचे हृदय आहे, असे आमचे मत आहे.

यावर आक्षेप असा येतो की, हा मृताच्या नावाचा व्यापार होय. आक्षेप अगदीच निराधार नाही. जुन्या गीतांस नवी वस्त्रे चढविण्यास मर्क्युरीची संमती होती असे म्हणता येत नाही, आणि तेवढ्या भागापुरते आम्ही या ध्वनिमुद्रिकेचे समर्थन हात राखूनच करू. परंतु माँत्रोची गीते वेगळी. ती पुरी व्हावीत म्हणूनच गायिली गेली होती. ती पेटीत बंद ठेवणे हाच विश्वासघात झाला असता.

आपल्या धसईच्या शेतकऱ्यास हे तत्त्व शिकविण्याची गरज नाही. बापाने राब भाजला, पेरणी केली, रोप हातभर आले आणि तो आजारी पडून गेला, तर मुलगे ते रोप राबातच पिवळे पडू देत नाहीत. डोळे पुसून चिखलणी करतात व लावणी पुरी करतात. पीक येते तेव्हा त्यात बापाचे किती व मुलांचे किती, हे गावास ठाऊक असते. कोणी कोणाचे श्रेय चोरत नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाजवळही याहून थोर असा एक दाखला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्तायन हे महाकाव्य आरंभिले आणि सुमारे दहा अध्याय होतात न होतात तोच १९१९ साली ते निवर्तले. ज्यांना शाळेचे शिक्षण कधी लाभले नव्हते त्या लक्ष्मीबाईंनी ते कार्य उचलले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. लक्ष्मीबाई १९३६ साली वारल्या. ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी पतीच्या लेखणीची नक्कल केली नाही. त्या आपल्या साध्या, घरगुती वाणीने लिहीत गेल्या. म्हणूनच त्या ग्रंथात आपणास दोन मनुष्ये भेटतात, एक मनुष्य व त्याची छाया भेटत नाही.

सांप्रत या गोष्टीस विशेष महत्त्व आले आहे. आता यंत्रे मृताच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करू शकतात. २०२३ साली बीटल्स या वाद्यवृंदाचे ‘नाऊ अँड देन’ हे गीत निघाले. त्यात जॉन लेनन याचा जुन्या कॅसेटवरील अस्पष्ट आवाज यंत्राच्या साहाय्याने पियानोच्या ध्वनीपासून वेगळा करण्यात आला. तो आवाज त्याचाच होता; यंत्राने धूळ पुसली, मनुष्य घडविला नाही. धूळ पुसणे व मनुष्य बनावट घडविणे यांतील भेद ज्यास कळला, त्यास यंत्राकडून निबंध लिहवून घेऊन खाली आपले नाव घालण्यातील दोषही निराळा सांगावा लागणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगून हा लेख संपवितो. हाच ब्रायन मे तरुणपणी खगोलशास्त्राचा प्रबंध लिहीत होता. वाद्यवृंदाच्या व्यापात तो अपुरा राहिला. तीसहून अधिक वर्षांनी त्याने तो पुन्हा हाती घेतला आणि २००७ साली, साठीच्या उंबरठ्यावर, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून डॉक्टरची पदवी मिळविली. मित्राचे अपुरे गीत पुरे करणाऱ्याने आपलेही अपुरे कार्य टाकून दिले नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याही घरी काही तरी अपुरे राहिलेले असेल: वडिलांचे सुटलेले शिक्षण, आजोबांनी अर्धी बांधलेली विहीर, थोरल्या बहिणीने मिटून ठेवलेली पुस्तके. ते हाती घ्या. ज्याचे त्याचे श्रेय ज्याला त्याला द्या, सांधा लपवू नका, आणि पुढले कडवे आपल्या स्वतःच्या आवाजात गा.