अर्शदला राखणे गुजरातला परवडले, लखनऊला का नाही?

जबलपूर : जबलपूर विभागातील सिवनी जिल्ह्याचा डावखुरा अष्टपैलू अर्शद खान याला गुजरात टायटन्सने आयपीएलच्या 2026 हंगामासाठी संघात कायम ठेवले आहे. मुंबई आणि लखनऊ या दोन्ही संघांनी त्याला यापूर्वी प्रत्येकी 20 लाखांत घेऊन सोडले होते.

लखनऊचा निर्णय केवळ कामगिरीवरचा नव्हता. 14 मे 2024 रोजी दिल्लीविरुद्ध अर्शदने 33 चेंडूंत नाबाद 58 धावा केल्या होत्या. परंतु महालिलावापूर्वीच्या नियमांनुसार राष्ट्रीय संघातून न खेळलेला खेळाडू राखायचा, तर 120 कोटींच्या निधीतून 4 कोटी वजा होणार होते आणि अशा जागाही दोनच होत्या. लखनऊने त्या मोहसिन खान व आयुष बदोनी यांना दिल्या. वीस लाखांच्या गड्यासाठी वीसपट मोजण्यापेक्षा त्याला लिलावात पाठवणे सोयीचे. जेद्दा येथे गुजरातने त्याला 1.30 कोटींत घेतले.

महालिलाव नसलेल्या वर्षी मात्र खेळाडू जुन्याच मानधनावर राहतो. त्यामुळे स्वस्त खेळाडू राखणे सोपे, महागडा राखणे जड. इंदूरच्या वेंकटेश अय्यरला कोलकात्याने 23.75 कोटींना परत घेतले, 2025 मध्ये 11 सामन्यांत 142 धावा झाल्यावर सोडले आणि बंगळुरूने 7 कोटींत उचलले. अर्शदसमोर 4 कोटींचा प्रश्न पुन्हा येऊ शकतो, तो पुढच्या महालिलावात. तोवर राष्ट्रीय संघाची टोपी मिळाली, तर हिशेबच बदलेल.